हरकती, सूचना आणि शेटेअण्णांची लुना

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. काम संपतं, ऑफिस बंद होतं, कॉम्प्युटर भंगारात जातात. मग कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत दोन जुने सहकारी शेजारी बसतात आणि लक्षात येतं, अरे, आपल्याकडे तर पोतंभर माल शिल्लक आहे! आमचं तसंच झालं. परवा चौगुले सर भेटले. नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला, सर म्हणाले, "विद्या, तो टेम्पो आठवतोय का गं?" आणि आम्ही दोघं जिलबी हातात धरून हसत सुटलो. बाकीचे पाहुणे बघत राहिले. म्हटलं, आता एकदा सगळं सांगूनच टाकावं.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. कोल्हापूर शहराच्या नव्या आराखड्याचा कच्चा मसुदा तयार झाला होता. कुठला रस्ता रुंद होणार, कुठे बाग, कुठे पार्किंग, सगळं रंगवलेलं. त्यावर लोकांनी इंटरनेटवरून हरकती आणि सूचना द्यायच्या, असं ठरलं. आता याला स्मार्ट सिटी, ई-सहभाग अशी भारी भारी नावं आहेत. तेव्हा नाव काही नव्हतं, नुसतं काम होतं. ती वेबसाइट चालवायचं काम मंगळवार पेठेतल्या आमच्या छोट्या ऑफिसाकडे आलं.

आम्ही तिघं. चौगुले सर मालक. प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिलेला, त्यामुळे त्यात चूक असू शकते हे त्यांना मान्यच नव्हतं. मी ऑपरेटर, नुकताच कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. आणि तिसरे शेटेअण्णा.

अण्णा रिटायर्ड ड्राफ्ट्समन. उभा जन्म हाताने नकाशे काढण्यात गेलेला. गाव सीमेकडचं, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही. कपाळाला विभूती, खिशात मोजायची टेप, दारात लुना. माउसला त्यांनी कधी हात लावला नाही. आलेली प्रत्येक सूचना मी कागदावर छापून द्यायची आणि अण्णांनी लुनावरून ती जागा बघून यायची. प्रत्येक! सर एकदा म्हणाले, "अण्णा, ऑनलाइन म्हणजे जावं लागत नाही हो."

"व्हय? मग त्या स्क्रीनवर गटारीचा वास येतोय काय?"

एवढ्या वर्षांत मी पुष्कळ हुशार माणसं बघितली. अण्णांइतका कामाचा माणूस बघितला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे हसताना कुणाचा गैरसमज नको.

*

साइट सुरू झाली त्या सकाळी सरांनी नारळ फोडला, सीपीयूला हळद-कुंकू लावलं आणि आम्ही तिघं स्क्रीनसमोर बसलो. अकरा वाजले. बारा वाजले. एक सूचना येईल तर शपथ! साडेबाराला पहिली मेल आली, उचगावच्या एका गृहस्थांची.

"ट्रायल घेतलोय. चालू हाय काय?"

सरांना इतका आनंद झाला की मला उठवून ते स्वतः खुर्चीत बसले. टाइप केलं, "होय, यंत्रणा चालू आहे. आपल्या सहभागाबद्दल मनःपूर्वक आभार."

दोन मिनिटांत उत्तर. "मग आता आमचा रस्ताबी चालू करा की!"

उचगाव आमच्या नकाशाच्या हद्दीतच नव्हतं. तरी अण्णा जाऊन आले. रस्त्यावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पडली होती. अण्णांनी मालकाला शोधून ती बाजूला करायला लावली आणि ऑफिसात येऊन पहिल्या सूचनेवर शेरा मारला, "रस्ता चालू."

*

तिसऱ्या दिवशी हौसाक्का आल्या. शिवाजी पेठेतल्या गवळीण, साठीच्या पुढच्या. त्यांच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या म्हशी रोज संध्याकाळी पेठेतल्या एका मोकळ्या जागेत उभ्या राहायच्या. गिऱ्हाइकानं यायचं, समोर धार काढून घ्यायची आणि फेसाचा पेला उभ्या उभ्या रिकामा करायचा. तालमीतले पैलवान, ऑफिसातून सुटलेले कारकून, माहेरपणाला आलेल्या लेकी, सगळे. कोल्हापूरकराला हे सांगावं लागत नाही. पण मसुदा केला होता बाहेरच्या एका कन्सल्टंटने. तो बिचारा भर दुपारी येऊन गेला असणार. त्याला जागा रिकामी दिसली आणि त्याने तिथे 'पार्किंग' लिहिलं!

"पोरी, तुज्या टीव्हीत माज्या म्हशी कुठं हुब्या हायत, दाव बगू."

मी नकाशा मोठा करून दाखवला. त्या जागी निळा चौकोन होता.

"ह्यो कसला रंग?"

"पार्किंगचा, आक्का. गाड्या लावायला."

आक्कांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. "लगीन होऊन आले तवापासनं तिथं हुबी ऱ्हाते मी," त्या म्हणाल्या. "गोठ्याच्या बोळात दोन माणसं न्हाई मावत, गिऱ्हाईक कुठनं मावायचं? जागा गेली तर म्हशी इकायलाच लागतील."

अण्णांनी त्यांना खुर्ची दिली आणि नियम समजावून सांगितला. एखाद्या जागेवर शंभर वेगवेगळ्या नागरिकांच्या हरकती आल्या, तर त्या जागेची सुनावणी. एका ईमेलवरून एकच हरकत धरायची. ज्याच्याकडे ईमेल नाही, त्याने ऑफिसात येऊन काउंटरवर नोंद करायची. मुदत एक महिना. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला सगळं आपोआप बंद.

"शंभरच माणसं?" आक्का हसल्या. "सांच्याला त्याच्या दुप्पट दूध पिऊन जात्यात माज्याकडनं!"

त्या निर्धास्त होऊन गेल्या. मीही निर्धास्त झाले. दर दोन दिवसांनी त्या जाता-येता दारातून विचारायच्या, "किती झालं गं?" आणि मी आकडा बघून सांगायचे, "साठ झाले, आक्का." "दीडशे झाले." "आता घोर नको, तीनशेच्या वर गेले!"

*

आता तो टेम्पो.

शिरोली एमआयडीसीत लोहार मिस्त्री म्हणून पॅटर्नमेकर होते. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा नमुना करावा लागतो, तो करणारे. त्यांची सूचना आली, "शहरात शिरताना पहिल्या चौकातलं सर्कल दीड फूट डावीकडं घ्या. ट्रकचं मागलं चाक चढतंय." सोबत चित्र जोडायला गेले, तर प्रोग्रॅम म्हणाला, फाइल मोठी आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, फाइल मोठी आहे. तिसऱ्या दिवशी फोन.

"मॅडम, फाइल काय जात न्हाय. ॲटॅचमेंट टेम्पोत हाय, खाली या!"

खाली गेलो तर टेम्पोत अख्खा चौक! लाकडाचा, पॉलिश मारलेला. रस्ते, दुभाजक, विजेचे खांब, बोटाएवढे ट्रक आणि मधोमध सरकणारं सर्कल. मिस्त्रींनी ट्रक वळवून दाखवला. चाक चढलं. सर्कल सरकवलं, पुन्हा वळवला. चाक सुटलं. सर तर रस्त्यातच टाळ्या वाजवायला लागले.

अण्णा मिस्त्रींना लुनावर घेऊन जागेवर गेले, सगळं मोजलं आणि परत आले. "मिस्त्री, सतरा इंचात भागतंय की. तुमी अठरा लिवलंय."

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "एक इंच आटायला सोडलाय."

ओतलेलं लोखंड थंड झालं की आटतं, म्हणून नमुना नेहमी थोडा मोठा करतात. तीस वर्षांचा हात, त्यानं रस्त्यालाही सूट दिली होती!

*

फॉर्ममध्ये सरांनी पहिलाच रकाना ठेवला होता, 'कुटुंबप्रमुखाचे नाव'. एके दिवशी एक गृहस्थ तणतणत आले. हातात त्यांच्याच नावाची पोच.

"माझ्या नावानं हे कोण लिवतंय? मी आयुष्यात कॉम्प्युटरला शिवलो न्हाय!"

मी सूचना उघडली. मंडईत भाजी विकणाऱ्या बायका पहाटे येतात, दुपारी जातात, आणि जवळपास कुठेही बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. कुठे बांधता येईल ती जागा, पाण्याची लाइन कुठून जाते, रात्री कुलूप कुणी लावायचं, सगळं मुद्देसूद. गृहस्थांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. राग उतरत गेला.

"लिवलंय मात्र झकास," ते म्हणाले. "मलाबी एवढं सुचलं नसतं."

त्यांच्या मागोमाग आलेली त्यांची बायको म्हणाली, "वाचून झालं असंल तर सरका, दुसरी लिवायची हाय."

त्या दिवशी सरांनी आयुष्यात पहिल्यांदा प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती केली. रकाना झाला, 'आपले नाव'. त्या आठवड्यात बायकांच्या इतक्या सूचना आल्या की अण्णांना लुनाचं पेट्रोल दोनदा भरावं लागलं.

*

एका गल्लीतून सूचना आली, "आमच्या दारात स्पीडब्रेकर करा. पोरं बेफाम गाड्या मारतात." तासाभरात त्याच गल्लीतून हरकत, "स्पीडब्रेकर करू नका. पाठीचे मणके सरकतात." अण्णा पत्ते घेऊन निघाले. दोन्ही पत्ते एकाच घराचे. सूचना बापाची, हरकत मुलाची! दोघंही एकाच सायबर कॅफेत शेजारच्या दोन खुर्च्यांत बसून, पडद्याआड एकमेकांविरुद्ध टाइप करून आलेले.

अण्णांनी दोघांना समोरासमोर बसवलं. भांडण पेटलं, तेवढ्यात आतून हाक आली, जेवायला चला. अण्णा जेवूनच परत आले आणि कागदावर शेरा मारला, "हरकत व सूचना एका ताटात जेवली. प्रकरण निकाली."

*

एकदा सरांना वाटलं, लोकांना साइटवर मतदान करू द्यावं. विषय साधा. कारंजं कुठल्या चौकात हवं? दोन चौक दिले. सरांच्या लक्षात आलं नाही की त्या दोन चौकांच्या दोन फुटबॉल टीम आहेत, आणि त्यांची फायनल नुकतीच बरोबरीत सुटलेली आहे.

झालं! शहरातले सायबर कॅफे फुल्ल. त्या दोन गल्ल्यांत जितकी माणसं राहतात, त्याच्या कितीतरी पट मतं पडली. कुणी आजोबांच्या नावानं, कुणी पाळण्यातल्या भाचीच्या. मतदानाच्या शेवटच्या दिवशी निकाल लागला आणि जिंकलेली गल्ली हलगी वाजवत, गुलाल उधळत आमच्या दारात. सरांच्या गळ्यात हार पडला. सर घाबरून आत पळाले.

थोड्या वेळानं हरलेल्या गल्लीचा कॅप्टन एकटाच आला. सर म्हणाले, "निकाल मान्य नाही का तुम्हाला?"

"मान्य हाय की. सेकंड हाफ कधी, एवढंच विचारायला आलतो."

मला मात्र तो गुलाल फार आवडला होता. आपल्या गावात कारंजं कुठे असावं यासाठी माणसं नाचली, असं दुसरीकडे कुठे झालं असेल असं वाटत नाही.

*

मुदतीचा शेवटचा दिवस. दुपारी सरांनी यादी गाळायला लावली. एका ईमेलवरून आलेल्या जादा हरकती प्रोग्रॅम काढून टाकणार आणि खऱ्या आकड्याची यादी देणार. हौसाक्कांच्या जागेसमोर आकडा आला, १.

मला वाटलं स्क्रीन बिघडला. पुन्हा लावलं. पुन्हा एक! तीनशेहून जास्त हरकती होत्या, आणि सगळ्या एकाच ईमेलवरून. महिनाभर मीच आक्कांना सांगत होते, घोर नको म्हणून.

ईमेल पेठेतल्या तालमीचा निघाला. अण्णा लुना काढून गेले, पंधरा मिनिटांत परत आले. तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: उद्या मेहनत पहाटे पाचला. त्याखाली ईमेल, त्याखाली पासवर्ड. जो पैलवान दूध पिऊन यायचा, तो फळा बघून सायबर कॅफेत जायचा आणि हरकत टाकायचा. नाव स्वतःचं, ईमेल तालमीचा. अण्णांनी वस्तादांना विचारलं, एकच का? वस्तादांनाच आश्चर्य वाटलं.

"कुस्तीचा हौदा एक, फळा एक, देव एक. मग ईमेल कशाला शंभर? आमच्यात सगळं सामायिक असतंय."

मी सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा उतरला होता. "विद्या, आज ह्या जागेसाठी नियम बदलला, तर ज्या जागा नियमानं गळल्या त्यांना मी काय तोंड दाखवू?"

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "नियम मोडायचा न्हाय. काउंटर कितीपर्यंत चालू?"

"सहा."

"आता?"

"चार वाजून गेले. अण्णा, दोन तासांत शंभर माणसं कशी गोळा करणार?"

"माणसं कशाला गोळा करू? म्हशी गोळा करतो."

आणि लुना चालू करून गेलेसुद्धा!

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढे, नाव घेऊन हाक मारतो, आणि म्हैस जिवाच्या आकांतानं गाडीमागे धावते. हौसाक्कांच्या म्हशींना त्याची सवय होती. पण लुनाची नव्हती. पावणेपाचला आमच्या गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला म्हणून मी गॅलरीत आले. पुढे लुनावर अण्णा, विभूती घामानं ओघळलेली. मागे कॅरियरवर एका बाजूला बसलेल्या हौसाक्का, "ये गं चंद्रे! ये गं राणे!" म्हणून हाका मारतायत. आणि मागे सहा म्हशी धावतायत. खरं तर पाच. सहावी लुनाला ओव्हरटेक करून आधीच ऑफिसच्या पायरीशी येऊन उभी होती.

म्हशी विजेच्या खांबांना बांधल्या. तिकडे पेठेत पाच वाजता गिऱ्हाईक आलं, तर जागा मोकळी. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बोट दाखवलं, गिऱ्हाईक इकडे वळलं. पुढचं मागच्याला सांगत आलं. अण्णा दारात टेप हातात धरून उभे.

"आदी हरकत, मग दूध! चिट्टी दावल्याबिगार पेला मिळणार न्हाय!"

तीन कॉम्प्युटरांवर सर, मी आणि धावत बोलावून आणलेली माझी मैत्रीण. नाव, पत्ता, हरकत. चिठ्ठी फाडून हातात. पुढचा! एक पैलवान दारातून आडवा होऊन आत आला. मी विचारलं, काय हरकत लिहू? म्हणाला, "लिवा, हलवायचं न्हाय." एका रिटायर्ड मास्तरांनी चार ओळींचं शुद्ध मराठी निवेदन दिलं. एक नवी नवरी नाव सांगताना लाजली, पण हरकत घेताना नाही. आणि वस्ताद अख्खी तालीम रांगेनं घेऊन आले. उंचीप्रमाणे!

सहा वाजता फॉर्म आपोआप बंद झाला. मी आकडा बघितला. एकशे सदतीस. सगळे वेगवेगळे, सगळे खरे. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. सर उठले, घाम पुसला, खाली जाऊन पेल्यासाठी हात पुढे केला.

हौसाक्का म्हणाल्या, "चिट्टी?"

*

पंधरा दिवसांनी सुनावणी. समोर महापालिकेचे मोठे साहेब, बाजूला त्यांचे दोन सहायक. आम्ही तिघं माहिती द्यायला, आणि हौसाक्का नवं लुगडं नेसून. साहेबांनी सगळ्या हरकती चाळल्या. मन लावून वाचत होते, मधे मधे हसत होते. मग म्हणाले, "बाई, एवढ्या लोकांनी हरकत घेतली. तुमची स्वतःची कुठे दिसत नाही?"

"मी म्हशी धरून हुबी हुते की साहेब! मी कवा लिवू?"

साहेबांनी मान डोलावली. "जागा तुमच्याकडेच राहील," म्हणाले. आक्कांनी डोळ्यांना पदर लावला. मी अण्णांकडे बघितलं, ते छताकडे बघत होते.

पण सहायक अडला. मसुद्यात 'पार्किंग' खोडून तिथे काय लिहायचं? जागेच्या वापराची यादी ठरलेली. रस्ता, बाग, शाळा, बाजार, दवाखाना, पार्किंग. यादीबाहेरचा शब्द प्रोग्रॅम घेतच नव्हता. यादी सरांनीच केलेली! सर खाली बघू लागले. नवा शब्द घालायचा तर वरून मंजुरी, म्हणजे पुन्हा कागद फिरणार, आणि तोवर मसुद्यात पार्किंग ते पार्किंगच. साहेब पेन टेबलावर आपटत विचार करत बसले. आक्का एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांकडे बघत होत्या.

अण्णा उठून उभे राहिले.

"साहेब, पार्किंगच ऱ्हाऊ द्या. खाली रकाना हाय न्हवं, वाहनाचा प्रकार? तिथं म्हैस लिवा."

साहेबांनी अण्णांकडे बघितलं, हरकतींच्या गठ्ठ्याकडे बघितलं, आणि सहायकाला म्हणाले, "टाका." त्या रकान्याला यादी नव्हती, प्रोग्रॅमनं शब्द घेतला. साहेबांनी छापील कागदावर सही केली. पार्किंग. वाहनाचा प्रकार: म्हैस. वेळ: संध्याकाळी.

मी आक्कांच्या कानाशी लागून काय लिहिलं ते सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, थोडा विचार केला, आणि साहेबांपुढे जाऊन हात जोडले.

"लई उपकार झालं साहेब. पर तेवढं पांढरं पट्टं मारू नगासा. बुजत्यात!"